फक्कीचं घर

दार वाजवल्याशिवाय कोणी आत यायचं नाही आणि भिंतीतून तर मुळीच जायचं नाही, असं धाकटीनं सकाळीच बजावलं होतं. दार म्हणजे जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं ओढलेल्या रेघेत सोडलेली फट. भिंत म्हणजे नुसती रेघ. छप्पर म्हणजे आभाळ. तरीही आत्या फटीबाहेर थांबली, हातातली चहाची किटली सावरली आणि हवेवर बोटाचं पेर आपटत म्हणाली, "टक टक. आहे का कोणी?"

"कोण आहे?" आतून दादांनी विचारलं. आतून म्हणजे चार हातांवरून, तिच्या तोंडाकडे बघत.

"चोर आहे. चहा घेऊन आलाय."

"मग ये. दार लावून घे मागे, गारठा शिरतो."

आत्यानं नसलेलं दार लावून घेतलं. उतारवयात माणसाला काय काय करावं लागतं!

दादा खाटेवर बसले होते. अंगात दोन स्वेटर, वर शाल, कानटोपी आणि कानटोपीवर मफलर. या माणसाला भट्टी सोडल्यापासून ऊब म्हणून लागली नव्हती. घराण्याचा धंदाच पाव भाजण्याचा. दादांच्या आजोबांबद्दल असं सांगतात की त्यांच्या तळहातात इतकी धग होती, की थंडीत गिऱ्हाईक पाव घ्यायला यायचं, हात मिळवायचं आणि पाव न घेताच तृप्त होऊन घरी जायचं. त्यापायी धंदा दोनदा बुडाला म्हणतात. खरंखोटं ते आजोबाच जाणोत. पण नातवाची हाडं भट्टीच्या तोंडाशी शेकून पक्की झालेली होती आणि धाकट्या भावानं, म्हणजे अण्णांनी, भट्टीला लाकडाऐवजी गॅस जोडला त्या दिवशी दादा तिथून उठले ते परत गेले नाहीत. "गॅसवर पाव भाजत नाही, घाबरतो," एवढंच म्हणाले. वाटणीत बेकरी अण्णांना गेली आणि गल्लीच्या अलीकडची ही जळणाची वखार दादांना. लाकूडच लागेना, तर वखार कशाला! तेव्हापासून ती जागा नुसती पडून होती आणि दादा भाड्याच्या घरात कुडकुडत होते.

आता त्या जागेवर घर बांधायचं होतं. जागा केवढी, तर शिंक आली की शेजाऱ्यानं 'काळजी घ्या' म्हणावं एवढी. दादांची धाकटी मुलगी आर्किटेक्ट. तिनं नकाशा काढला होता तो उन्हाच्या घराचा: दक्षिणेला मोठी काच, काचेच्या आत काळ्या फरशीची जमीन आणि मागे हातभर जाड भिंत. दिवसा उन्हानं तापायचं, रात्री हळूहळू निवायचं. छपरावर वीज करणाऱ्या काचा. शेगडी नको, जळण नको, विजेचं बिलही जवळजवळ नको.

"म्हणजे भट्टीच की," दादा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "विटा तापवायच्या आणि मग आत पाव ठेवायचा. इथे पाव म्हणजे मी."

"पाव नाही, बटर," दादांची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाल्या होत्या. "पार वाळून गेलाय तुम्ही."

पण दादांचा कागदावर विश्वास नव्हता. म्हणून धाकटीनं ही युक्ती काढली. नकाशा फक्कीनं जमिनीवर जसाच्या तसा आखायचा आणि वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, म्हणजे आज, सगळ्यांनी आपापल्या खोलीत बसून दिवस काढायचा. आज सूर्य सगळ्यात खाली. आज दुपारचं ऊन दादांच्या खाटेपर्यंत पोचलं, तर उरलेल्या वर्षाची चिंता नाही. घर बांधायचं. नाही पोचलं, तर दादांच्या थोरल्या मुलानं गोदामवाला गाठून ठेवलाच होता. जागा त्याला द्यायची आणि कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या. दादा तसा शब्द देऊन बसले होते आणि दादांचा शब्द म्हणजे त्यांच्या हातचा शिळा पाव, मोडता मोडायचा नाही.

आत्यानं चहा ओतला आणि स्वतःचा कप घेऊन ती आपल्या खोलीकडे निघाली. रीतसर. आधी मधली खोली, मग जिन्याखालचं वळण, मग तिचं दार. तिची खोली उत्तरेला होती. धाकटीनं सगळ्यांना समजावलं होतं, "उन्हाच्या घरात उत्तरेला कमी लागणाऱ्या गोष्टी ठेवायच्या. त्या थंडी अडवतात, आतल्यांना ऊब राहते. म्हणून तिकडे जिना, न्हाणीघर, कोठी..." आणि मग जरा थांबून, कागदाकडे बघत, "...आणि आत्या."

पोरीच्या मनात काही नव्हतं. जागाच तेवढी. आत्यानं मान डोलावली होती. दादांकडे ती बिनलग्नाची बहीण म्हणून राहत होती, कुठल्याही नकाशात जिन्याशेजारीच मावत होती. पण आज त्या रेघांच्या चौकोनात दगडासारख्या गार खुर्चीवर बसल्यावर तिला कळलं, की कोठी आणि आपण यांच्यात फक्त एका रेघेचं अंतर आहे. चहा तिच्या हातात पोचेपर्यंत निवला होता.

"टक टक!" थोरला आला. हा गाड्या विकायचा. त्यामुळे घर म्हणजे गाडी उभी करायची जागा आणि मागे उरलीच तर माणसं, असं त्याचं मत. "आत्या, तू जरा दादांना सांग ना. ही काच आणि खाट मागे सरकवली, तर पुढे एक गाडी बसते."

"दादा समोरच बसलेत. सांग की."

"माझं ऐकतात का ते? तू सांगितलंस की गोड लागतं."

आत्यानं डोळे मिटले. गोड लागतं. किती वर्षं ती हेच करत होती! दादा आणि अण्णा एकमेकांशी बोलत नव्हते. पण गल्ली एक, गटार एक, चुलत-मावस भावंडांची लग्नं-मरणं एक. निरोप तर द्यावेच लागत. ते आत्यानं न्यायचे. दोन घरांमधली ती जिवंत तार होती. तार कधी तापते, कधी गंजते, याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती.

"मी आज कोणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "दार लावून घे जाताना."

थोरला दार न लावताच गेला, थेट आईकडे. स्वयंपाकघरात वहिनी स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. सकाळपर्यंत त्या थोरल्याच्या बाजूच्या होत्या. तिसरा मजला, लिफ्ट, नळाला चोवीस तास पाणी, असं त्याच्या तोंडून ऐकून त्यांना ते स्वर्गाच्या पायरीवर असल्यासारखं वाटायचं. पण पूर्वेच्या रेघेतल्या खिडकीतून कोवळं ऊन त्यांच्या मांडीवरच्या टोपल्यात पडलं आणि मटाराचा दाणा न् दाणा लख्ख दिसला. चष्मा न लावता! तेव्हापासून वहिनी पक्षांतराच्या वाटेवर होत्या.

"आई, तू सांग ना त्यांना गाडीचं."

"गाडी बाहेर पावसात भिजली तर काय तिला सर्दी होते का?" वहिनी म्हणाल्या. "आणि तू आत्ता भिंतीतून आलास. मी बघितलं. परत जा आणि दारातून ये."

आत्याला हसू आलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

सूर्य वर सरकला. धाकटीनं दक्षिणेच्या रेघेवर दोन बांबू रोवले आणि मध्ये जुनी पांढरी चादर ताणून बांधली. काच असेल तिथे चादर. गल्लीपलीकडे अण्णांची बेकरी बैठी होती, तिच्या गच्चीच्या कठड्याची सावली चादरीच्या खालच्या काठाशी येऊन थांबली. वर सगळा उजेड.

"बघा दादा! एवढी काच पूर्ण उन्हात. मी शरद ऋतूत मापं घेतली होती, तेव्हाच हिशेब..."

ती बोलता बोलता थांबली. चादरीच्या उजव्या अंगानं एक गोल, काळं, थोराड काहीतरी आत शिरत होतं. चार पायांवर. एखादा म्हातारा हत्ती दुसऱ्याच्या घरात चहाला यावा तसं, घाई न करता.

"हे काय?" दादांनी विचारलं.

धाकटीनं चादरीमागून वाकून बघितलं. "अण्णांची पाण्याची टाकी. पण ती तर गच्चीवर खाली ठेवलेली होती! आता लोखंडी घोडीवर चढवलीये."

"चढवणारच," थोरला घाईनं म्हणाला. दुःखी दिसायचा त्यानं प्रयत्न केला, पण गोदामवाल्याचा चेहरा त्याच्या चेहऱ्यात दिसत होता. "तुमचं घर होतंय हे कळलं ना त्यांना."

टाकीची सावली सरकत सरकत चादरीच्या मधोमध आली आणि नेमकी दादांच्या खाटेवर बसली. दादांनी शाल आणखी घट्ट केली. बोलले काहीच नाहीत. ते बोलले नाहीत की वहिनी घाबरायच्या. त्या मटाराचं टोपलं घेऊन उठल्या.

"वन्सं," त्या उत्तरेकडे बघून म्हणाल्या, "जाऊन या ना एकदा. तुम्ही सांगितलं तर अण्णाभावजी टाकी बाजूला घेतील."

"आत्या, प्लीज," धाकटी म्हणाली. "टाकी धुराड्याच्या बाजूला नेली तर त्यांचाच फायदा आहे. पाणी तरी गारठणार नाही. फक्त कोणीतरी त्यांना सांगायला हवं."

आत्यानं गल्लीकडे बघितलं. गल्ली दहा पावलांची असेल नसेल. तिला ती आज समुद्राएवढी वाटली. पलीकडे जायचं, अण्णांच्या पीठभरल्या बाकावर बसायचं, आधी गुडघ्यांबद्दल विचारायचं, मग हवेबद्दल, मग आडून आडून टाकी. मग त्यांचं उत्तर घेऊन यायचं, वाटेत ते जरा धुऊन घ्यायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि दादांना नेसवायचं.

"माझ्यानं होणार नाही," ती म्हणाली.

कोणाला काही कळेना. आत्याला 'नाही' म्हणताना या घरानं कधी ऐकलं नव्हतं. थोरल्यानं तिला ताप आहे का, असंही विचारलं.

"ताप नाही. दमलेय. एवढंच."

त्याच वेळी चादरीवर, टाकीच्या शेजारी, दुसरी सावली उगवली. आधी टोपी. मग एक कान. मग खांदे, उजवा डाव्यापेक्षा खाली. वर्षानुवर्षं कणीक मळून मळून खाली आलेला. गच्चीच्या कठड्याशी अण्णा येऊन उभे राहिले होते. सकाळपासून गल्लीपलीकडे माणसं हवेवर टकटक करताहेत, नसलेली दारं लावताहेत, हे बघून त्यांना राहवलं नसणार. त्यांना माहीत नव्हतं, की ते स्वतः धाकट्या पुतणीच्या चादरीवर, टोपीसकट, थोरल्या भावाच्या उशाशी उभे आहेत.

दादा सावलीकडे बघत राहिले. अण्णांचा चेहरा त्यांनी इतक्या वर्षांत नीट बघितला नव्हता. समोर आला की मान वळवायची, अशी मानेला सवय.

"जाडा झालाय," ते शेवटी म्हणाले.

"सावली ताणली जाते, दादा," धाकटी कुजबुजली.

"सावली ताणेल, पोट कुठून आणेल? ते त्याचंच आहे." मग आवाज चढवून त्यांनी सावलीला सुनावलं, "ए! ऊठ माझ्या खाटेवरून!"

सावली दचकली. तिनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"कोणाला म्हणतोयस?" वरून आवाज आला.

"तुला नाही. सावलीला म्हणतोय. तुझ्याशी मी बोलत नाही."

"मग मीही तुझ्याशी बोलत नाही. चादरीशी बोलतोय. चादरे, त्याला सांग, गच्ची माझ्या बापाची आहे."

"बाप एकच होता, गाढवा! टाकी वर चढवलीस ती माझं ऊन अडवायला?"

सावलीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"मी कशाला अडवीन?" अण्णा म्हणाले. आवाजातला पीळ गेला होता, निव्वळ गोंधळ उरला होता. "तूच तर सांगितलंस चढवायला!"

"मी?"

"तूच. ताई आली होती. म्हणाली, दादा म्हणतोय टाकी खाली आहे, नळाला पाण्याचा जोर कमी पडत असेल तुला, वर घे म्हणावं. मी म्हटलं, बघा, इतक्या वर्षांनी थोरल्याला माझ्या नळाची काळजी वाटली. दुसऱ्याच दिवशी घोडी करून घेतली."

दादा शाल गादीवर टाकून खाटेवरून उठले. "मी म्हणालो होतो, त्याची टाकी गळते, ओल माझ्या जागेत येते, बुजव म्हणावं नाहीतर फोडून टाकीन!"

उत्तरेच्या खोलीत आत्या आपल्या कपाच्या तळाकडे बघत होती. चहाचा गाळ फार रंगतदार असावा, असं.

"थांब," दादा म्हणाले. त्यांना काहीतरी आठवत होतं. "माझं कुंपण. तुझी गाडी वळताना अडते, जरा आत घेशील का, असं तू हात जोडून विचारलंस म्हणून मी ते दोन हात आत घेतलं. आधीच जागा कोनाड्याएवढी, त्यातले दोन हात!"

"मी कधी हात जोडले? मी म्हणालो, त्याच्या कुंपणाला माझी गाडी धडकली तर माझ्या नावानं ओरडायचं नाही!"

"आणि रोज सकाळी पाव येतो तो?"

"तुला माझ्याच हातची कडा आवडते असं कळलं म्हणून पाठवतो! कडेचा पाव मुद्दाम वेगळा काढून ठेवतो मी!"

दादांनी मफलर वर ओढला. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. गॅसचा पाव ते आत्याच्या देखत नाक मुरडून घ्यायचे आणि मग, आत्या पाठमोरी झाली की, कडा आधी खायचे. हे तिनं बघितलं होतं. निरोपाचं बी तिला तिथेच सापडलं होतं.

त्यांनी एका झटक्यात चादर ओढून काढली. बांबू वाकले, गाठ सुटली आणि चादर गल्लीच्या कडेला जाऊन पडली. आता सावली नव्हती, माणूसच होता. भुवयांवर पीठ, गालफडं बसलेली, पोट मात्र खरंच. खाली मफलर-कानटोपीतून नाक तेवढं बाहेर आलेला थोरला भाऊ. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग, एकाच वेळी, दोघांनी मान वळवली. या वेळी एकमेकांपासून दुसरीकडे नाही. आत्याकडे.

वहिनींनी मटाराचं टोपलं छातीशी धरलं. "वन्सं," त्या म्हणाल्या.

"ताई!" अण्णा वरून ओरडले. "हे काय केलंस तू?"

"बोल!" दादा गरजले. "कोणता निरोप खरा दिला होतास? एक तरी?"

आत्या थोडा विचार करून म्हणाली, "गटार तुंबलंय हा. तो जसाच्या तसा दिला होता."

थोरला फसकन हसला. मग धाकटी. आणि मग वहिनींच्या टोपल्यातून मटार सांडायला लागले, इतक्या त्या हलत होत्या. दोघे भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर बरंच काही चाललं होतं आणि त्यातलं कुठलं पुढे करावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. दोघांच्याही बाबतीत शेवटी राग पुढे आला, कारण तो हाताशी होता.

"टाकी काढ आधी!" दादा म्हणाले.

"काढतो! रिकामीच आहे, सकाळचं पीठ मळून झालंय. पण एकट्यानं ढकलू का? तुझ्या पोराला पाठव वर. गाड्या विकतो तो, एखादी ढकलली असेलच!"

"मी?" थोरला म्हणाला. त्यानं बापाकडे बघितलं, मग मनातल्या गोदामवाल्याकडे, आणि बाह्या सरसावून गल्ली ओलांडली. जाताना दारातून गेला. वहिनींनी ते बघितलं.

मग वरून खरखराट आणि आरडाओरडा सुरू झाला. "अरे, तिकडे नाही, धुराड्याकडे!" खालून दादा सूचना देत होते, वरून अण्णा त्या धुडकावत होते. गॅसचा विषय निघाला. लाकडाचा निघाला. बापानं कोणाला जास्त मारलं होतं, हाही निघाला. मोठ्यानं, मधल्या माणसाशिवाय, धुण्या-इस्त्रीशिवाय, सगळं कोरं करकरीत.

टाकी हलली. चार पायांचा हत्ती घरातून उठला आणि दुपारचं ऊन फक्कीच्या रेघेवरून आत आलं. आधी जमिनीवर, मग खाटेच्या पायावर, मग गादीवर, पार उशीपर्यंत.

"दादा, पोचलं!" धाकटी ओरडली. "खाटेवर ऊन पोचलं!"

दादांना ऐकायला सवड नव्हती. ते पार गल्लीत जाऊन उभे होते आणि मफलर सोडून त्यानंच हातवारे करत होते. "ताई, सांग याला..." असं ते सवयीनं म्हणाले आणि मधेच थांबले.

आत्या उठली. कप खुर्चीवर ठेवला. जिन्याखालचं वळण, मधली खोली, दार, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला ते फार लांब वाटलं. ती नाकासमोर चालत निघाली. उत्तरेच्या खोलीच्या भिंतीतून, सरळ. चपलेखाली फक्की पुसली गेली.

"आत्या! भिंत!" धाकटी म्हणाली.

आत्या थांबली नाही. खाटेपाशी पोचली, चपला काढल्या आणि दादांच्या गादीवर आडवी झाली. ऊन तिच्या गुडघ्यांवर आलं, पोटावर आलं, मिटलेल्या पापण्यांवर आलं. गादी तव्यासारखी नाही, भाजून नुकत्याच काढलेल्या पावासारखी होती.

धाकटीनं पुसलेल्या रेघेकडे बघितलं. मग वाकून तिथली उरलेली फक्की तळहातानं बाजूला केली, एका दारापुरती. जरा विचार केला आणि आणखी थोडी केली.

"ताई!" गल्लीतून दादांची हाक आली. पाठोपाठ वरून अण्णांची, "ताई, ऐकतेस का? याला सांग जरा!"

"आत्या," धाकटी हळूच म्हणाली, "बोलावताहेत."

आत्यानं शाल नाकापर्यंत ओढली.

"दार लावून घे," ती म्हणाली. "आणि सांग, घरात कोणी नाही."